औषध बाधलं... पुढे काय?

औषधाने त्रास झाला हे सांगायला आपल्याकडे किती शब्द आहेत, कधी मोजलेत का? औषध बाधलं. औषध मानवलं नाही. गोळी गरम पडली. अंगावर उठलं. आणि सगळ्यात लाडका शब्द म्हणजे 'रिअॅक्शन आली'. बरं, या प्रत्येकाचा अर्थ वेगळा. 'मानवलं नाही' म्हणजे मळमळ, पोटात कसंतरी, गोळी बदलून घ्या. 'गरम पडली' म्हणजे तोंड आलं, लघवीला जळजळ झाली, नाकातून रक्त आलं. 'बाधलं' म्हणजे मामला जरा गंभीर. आणि 'रिअॅक्शन आली' असं कोणी सांगितलं की बाकीच्यांचे चेहरे उतरतात, कारण त्या शब्दाच्या मागे बहुतेक वेळा एखादं इंजेक्शन आणि एखादा मृत्यू असतो.

सरकारी कागदावर या सगळ्यांना मिळून एकच नाव आहे: 'औषधाची संशयित प्रतिकूल प्रतिक्रिया'. गेले काही महिने माझ्या डोक्यात एकच प्रश्न घोळतोय. भामरागडच्या पलीकडच्या एखाद्या पाड्यावर कुणीतरी नर्सबाईला म्हणतं, "बाई, गोळी बाधली जी." हे वाक्य तिथून निघून त्या सरकारी कागदापर्यंत पोचतं का? पोचतं तर कसं? आणि नाही पोचत तर वाटेत कुठे हरवतं?

मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगून टाकतो. पण आमची आत्या चंद्रपूर जिल्ह्याच्या जंगलपट्ट्यात जवळजवळ सत्तावीस वर्षं आरोग्य सेविका होती. घरातल्या मंडळींना ती ठाऊकच आहे. तिच्या तीन जुन्या वह्या माझ्याकडे आल्या, त्या चाळताना हा सगळा उद्योग सुरू झाला. वह्यांबद्दल पुढे सांगतोच. आधी थोडा इतिहास.

औषधाच्या त्रासाची नोंद ठेवायची असते, आणि ती एका ठिकाणी गोळा करायची असते, हे जगाला फार उशिरा सुचलं. निमित्त झालं थॅलिडोमाइडचं. 1957 साली पश्चिम जर्मनीत हे झोपेचं औषध बाजारात आलं. गरोदर बायकांची मळमळ थांबते म्हणून ते भरपूर खपलं. 1961 च्या अखेरीस ऑस्ट्रेलियातल्या मॅकब्राइड नावाच्या डॉक्टरांचं एक छोटंसं पत्र 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात छापून आलं. हे औषध घेतलेल्या आयांना हातापायांत व्यंग असलेली मुलं होताहेत, आणखी कुणी असं पाहिलंय का, अशी विचारणा त्यात होती. जर्मनीत लेन्झ नावाचे डॉक्टर त्याच सुमारास याच निष्कर्षावर आले होते. तोवर जगभर दहा हजारांच्या वर मुलं बाधित झाली होती. मॅकब्राइडांच्या इस्पितळातल्या एका नर्सबाईच्या लक्षात ही गोष्ट आधी आली होती, असं पुढे सांगितलं गेलं. पत्रावर अर्थातच डॉक्टरांची सही होती.

यातून ब्रिटनमध्ये 1964 साली पिवळ्या कार्डाची पद्धत आली. डॉक्टरला शंका आली की त्याने पिवळं कार्ड भरून टपालात टाकायचं. 1968 साली जागतिक आरोग्य संघटनेने दहा देशांना घेऊन अशा नोंदी एकत्र करायला सुरुवात केली, आणि 1978 पासून हे काम स्वीडनमधल्या उप्सालाला गेलं. तिथे आजही जगभरच्या नोंदी जमा होतात.

आपल्याकडे 1986 साली बारा प्रादेशिक केंद्रांची एक योजना आखली गेली. फारसं काही झालं नाही. 1998 साली भारत उप्सालाच्या कार्यक्रमाचा सदस्य झाला. मग 1 जानेवारी 2005 पासून राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. त्याची दोन मुख्य केंद्रं म्हणजे दिल्लीचं एम्स आणि मुंबईचं केईएम. त्यांच्या खालच्या प्रादेशिक केंद्रांपैकी एक नागपूरचं इंदिरा गांधी मेडिकल कॉलेज, म्हणजे आपलं मेयो. तोही कार्यक्रम काही वर्षांत मंदावला. शेवटी जुलै 2010 मध्ये सध्याचा 'फार्माकोव्हिजिलन्स प्रोग्राम ऑफ इंडिया' सुरू झाला आणि एप्रिल 2011 मध्ये त्याचं मुख्य केंद्र एम्समधून गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनकडे गेलं.

आता हा नकाशा डोळ्यांसमोर आणा. उप्साला, गाझियाबाद, मुंबई, नागपूर. नागपूरहून गडचिरोली साधारण पावणेदोनशे किलोमीटर. गडचिरोलीहून भामरागड पुन्हा जवळजवळ तेवढंच. आणि पावसाळ्यात पर्लकोटा नदी फुगली की भामरागडच्या पुढे काहीच नाही. फॉर्म जाऊ द्या, माणूससुद्धा पलीकडे जाऊ शकत नाही. गडचिरोली जिल्हा मुळात चंद्रपुरातून वेगळा निघाला तोच 26 ऑगस्ट 1982 ला. चंद्रपूरला स्वतःचं सरकारी मेडिकल कॉलेज मिळायला 2015 साल उजाडलं. म्हणजे ज्या कॉलेजांमध्ये ही नोंदणी केंद्रं असतात, ती या जंगलापासून नेहमीच दूर होती.

पण औषधं? औषधं मात्र जंगलात फार आधी पोचली होती. आणि तीही साधीसुधी नाहीत!

हिवतापाचंच बघा. राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम 1953 चा. 1958 मध्ये त्याचं 'निर्मूलन' झालं, म्हणजे कार्यक्रमाचं नाव बदललं. 1965 च्या आसपास देशात वर्षाला लाखभर रुग्णच उरले होते. मग डास डीडीटीला दाद देईनासे झाले, यंत्रणा सुस्तावली, आणि 1976 साली रुग्णांचा आकडा 64 लाखांवर गेला. 1977 पासून नवी योजना आली. गावोगावी ताप उपचार केंद्रं, औषध वाटप केंद्रं निघाली. गावातलाच कुणी शिक्षक, कुणी पोलीस पाटील क्लोरोक्वीनच्या गोळ्या ठेवायचा. ताप आला की बोटाला सुई टोचून काचपट्टीवर रक्तनमुना घ्यायचा आणि लगेच क्लोरोक्वीन द्यायचं, त्याला म्हणत 'गृहीतोपचार'. काचपट्टी तपासून आली आणि जंतू सापडले की मग 'समूळ उपचार'. हा समूळ उपचार म्हणजे प्रायमाक्वीन. माझ्या लेखाची खरी नायिका (की खलनायिका?) हीच गोळी.

प्रायमाक्वीन का द्यायचं? व्हायव्हॅक्स जातीचा हिवताप मोठा चिवट. त्याचे जंतू यकृतात दडून बसतात आणि काही महिन्यांनी पुन्हा ताप आणतात. क्लोरोक्वीन रक्तातले जंतू मारतं, पण यकृतातल्यांना हात लावत नाही. तिथे प्रायमाक्वीनच लागतं. फॅल्सिपेरममध्ये त्याचा एकच डोस देतात, तो रुग्णाकडून डासाकडे जाणारे जंतू मारायला. गडचिरोली हा वर्षानुवर्षं महाराष्ट्रातल्या फॅल्सिपेरमचा बालेकिल्ला. त्यामुळे तिथे दोन्ही कारणांनी ही गोळी लागते.

आणि हिचा दोष? काही लोकांच्या तांबड्या पेशींत जी-सिक्स-पीडी नावाचं एक विकर कमी असतं. पेशीला गंजण्यापासून वाचवणारं रसायन समजा. ते कमी असलेल्या माणसाने प्रायमाक्वीन घेतलं की दोन-तीन दिवसांत तांबड्या पेशी फुटायला लागतात. लघवी काळपट होते, डोळे पिवळे होतात, दम लागतो. वेळीच गोळी थांबवली तर बहुतेक माणसं सावरतात. नाही थांबवली तर सांगता येत नाही.

हे कळलं कसं, तीही एक गोष्टच आहे. प्रायमाक्वीनचा थोरला भाऊ पामाक्वीन जर्मनीत 1920 च्या दशकात निघाला, आणि ते घेतलेल्यांपैकी काहींची लघवी काळी होते हे डॉक्टरांनी तेव्हाच पाहिलं होतं. कारण कुणालाच ठाऊक नव्हतं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेला नव्या औषधाची घाई झाली आणि इलिनॉयमधल्या स्टेटव्हिल तुरुंगातल्या कैद्यांवर प्रयोग सुरू झाले. कैद्यांना मुद्दाम हिवताप द्यायचा आणि औषधं तपासायची. तिथे दिसलं की गोऱ्या कैद्यांना सहसा न बाधणारी गोळी काळ्या कैद्यांपैकी काहींना बाधते. 1956 साली शिकागोच्या संशोधकांनी कारण शोधून काढलं, ते म्हणजे या विकराची कमतरता. तुरुंगातल्या माणसाची 'हो' किती मोकळेपणाची असते, हा प्रश्न तेव्हा फारसा कुणी विचारला नाही. आज आपल्याला जे ज्ञान आहे, ते असं आलेलं आहे.

जिथे हिवताप पिढ्यान् पिढ्या राहिला, तिथे जी-सिक्स-पीडीची कमतरता आणि सिकलसेल दोन्ही टिकून राहिले, कारण या दोन्हींमुळे हिवतापापासून थोडंफार संरक्षण मिळतं. म्हणजे हिवतापाशी झुंजून ज्या रक्ताने स्वतःला बदललं, त्याच रक्ताला हिवतापाची गोळी फोडते! मध्य भारतातल्या सिकलसेलची नोंद नागपूरच्या डॉक्टरांनी 'लॅन्सेट'मध्ये केली ती 1958 साली. जी-सिक्स-पीडीच्या कमतरतेचा एक प्रकार तर आपल्या कल्याणच्या नावाने ओळखला जातो. तो 1984 साली एका कोळी कुटुंबात सापडला होता. आदिवासींमध्ये जास्त आढळणाऱ्या प्रकाराला ओरिसाचं नाव आहे.

आता आत्याच्या वहीकडे येतो.

आत्याच्या वह्या म्हणजे सरकारी रजिस्टर नव्हेत. सरकारी रजिस्टरं ती वेगळी भरायचीच, पंधरा-सोळा तरी असतील. या तिच्या स्वतःच्या वह्या, शाळकरी मुलांच्या असतात तशा शंभर पानी. कुणाकडे किती डोस पोचवायचे, कुणाचे दिवस भरत आलेत, कुणाच्या नवऱ्याने कुटुंब नियोजनाच्या नावाने शिव्या दिल्या, सगळं त्यात. 1984 च्या पावसाळ्यातली एक नोंद अशी आहे. वर एका मुलाचं नाव (ते मी देत नाही), वय 22, आणि पुढे: 'प्रि. 3रा दिवस. लघवी काळ्या चहासारखी. डोळे पिवळे. गोळी बंद केली. बैलगाडीने पाठवला.' (प्रायमाक्वीनला ती 'प्रि.' लिहायची. का ते विचारू नका.)

मुलगा वाचला. पण दवाखान्याच्या कागदावर त्याचं निदान लागलं 'कावीळ'. आत्याने डॉक्टरांना गोळीचं सांगितलं होतं. त्यांनी ऐकलंही, पण लिहायला जागा कुठे होती? रजिस्टरला रकाने होते तापाचे, काचपट्ट्यांचे, वाटलेल्या गोळ्यांचे. 'गोळीने झालेला त्रास' असा रकानाच नव्हता. रकाना नाही, मग नोंद नाही, मग वर जाणाऱ्या मासिक अहवालात ती गोष्ट घडलीच नाही. त्या महिन्यात त्या गावात कावीळ झालेला एक माणूस तेवढा वाढला.

खरी गंमत पुढच्या वहीत आहे. दोन वर्षांनी त्याच घरातला धाकटा भाऊ तापाने पडला, काचपट्टीत जंतू सापडले. आत्याने लिहिलंय: 'ह्या घरात प्रि. नको. डॉ. ना विचारले. फक्त क्लोरो.' आणि खाली आणखी एक ओळ: 'आईच्या भावालाही असेच झाले होते म्हणतात.'

ही ओळ मी कितीदा तरी वाचली. जी-सिक्स-पीडीची कमतरता एक्स गुणसूत्रातून येते. म्हणजे आईकडून मुलाकडे. मामाला आणि भाच्याला एकच त्रास होणं हे तिचं अगदी पुस्तकी लक्षण. आत्याला विकर ठाऊक नव्हतं, गुणसूत्रं सातवीनंतर कधी भेटली नव्हती. पण त्या घराच्या उंबऱ्यावर बसून तिने चौकशी केली आणि मामा शोधून काढला.

आज गाझियाबादच्या फॉर्मला कमीत कमी चार गोष्टी लागतात. रुग्ण कोण (नावाची आद्याक्षरं चालतात), त्रास काय झाला, कोणत्या औषधाचा संशय आहे, आणि कळवणारा कोण. या चारही गोष्टी 1984 च्या त्या वहीत आहेत. शिवाय गोळी थांबवल्यावर त्रास कमी झाला का, हा तज्ज्ञांचा अगदी आवडता प्रश्न. त्याचंही उत्तर आहे. फक्त ती वही कुणी मागितली नाही. 1991 मध्ये आत्याची बदली झाली, आणि 'ह्या घरात प्रि. नको' हे ज्ञान तिच्या पिशवीत बसून दुसऱ्या गावी गेलं. नंतर त्या घरात काय झालं, मला ठाऊक नाही. ती असती तर तिलाच विचारलं असतं.

यातून एक गोष्ट ध्यानात येते. औषधाचा त्रास ओळखण्यात खालचा कर्मचारी कमी पडतो, हा समज तितकासा बरोबर नाही. ओळखणं बऱ्याचदा होतं. ते वर जात नाही.

पण ओळखणं सोपं असतं असंही कुणी समजू नये. लघवीच्या रंगाचीच गोष्ट घ्या. क्षयाच्या रुग्णाला रिफाम्पिसिन देतात, त्याने लघवी नारिंगी-लाल होते. त्यात काहीही धोका नाही. कुष्ठरोगाच्या पाकिटातही महिन्यातून एकदा रिफाम्पिसिन असतं, त्या दिवशी तोच रंग. तिथे नर्सबाईने सांगायचं, "घाबरू नका, गोळी चालू ठेवा." आणि प्रायमाक्वीन घेणाऱ्याची लघवी काळपट झाली तर तिनेच सांगायचं, "ताबडतोब बंद करा." एकाच गावात, एकाच आठवड्यात! त्यात हिवताप स्वतःही कधी कधी लघवी काळी करतो. सिकलसेलवाल्याचे डोळे औषधाशिवायही पिवळे होतात. आणि उन्हाळ्यात मोहफुलं किंवा तेंदूपत्ता गोळा करणाऱ्या माणसाची लघवी पाणी कमी प्यायल्यानेच गडद असते. यातलं औषधाचं कोणतं आणि आजाराचं कोणतं, हे मेडिकल कॉलेजातल्या माणसालाही चटकन सांगता येणार नाही. आणखी एक साधी अडचण सांगतो. पहाटे अंधारात शिवाराकडे जाणाऱ्या माणसाला लघवीचा रंग दिसणार कसा? आणि दिसला तरी बाईमाणूस तो पुरुष कर्मचाऱ्याला सांगेल का?

कुष्ठरोगाचा उल्लेख आलाच आहे, तर या जिल्ह्यांत तो टाळून चालणारच नाही. बाबा आमट्यांनी 1949 साली वरोऱ्याजवळ आनंदवन उभं केलं, तेव्हा डॅप्सोनच्या घराण्यातली औषधं नुकतीच भारतात आली होती. 1980 च्या दशकात तीन औषधांचं एकत्रित पाकीट आलं. डॅप्सोन, रिफाम्पिसिन, क्लोफाझिमिन. क्लोफाझिमिनने कातडी काळवंडते, आणि पुष्कळांनी याच कारणाने गोळ्या सोडल्या, कारण लपवलेला आजार चेहऱ्यावर दिसायला लागतो. डॅप्सोनचा त्रास जास्त फसवा. साधारण चार ते सहा आठवड्यांनी ताप येतो, अंगावर पुरळ उठतं, कावीळ होते. तोवर गोळीची आणि तापाची सांगड घालणार कोण? 'उन्हाळी ताप आलाय' म्हणून दुसरीच गोळी मिळायची. आणि जी-सिक्स-पीडी कमी असेल तर डॅप्सोननेही पेशी फुटतात.

उलट हत्तीरोगाच्या मोहिमेत एक चांगली गोष्ट दिसते. या दोन्ही जिल्ह्यांत हत्तीरोग आहे. 2004 पासून देशभर वर्षातून एकदा सगळ्या गावाला डीईसीच्या गोळ्या खाऊ घालायची मोहीम चालते. 2018-19 मध्ये तीन औषधं एकदम देण्याची पद्धत ज्या मोजक्या जिल्ह्यांत आधी करून पाहिली, त्यांत आपलं नागपूर होतं. गोळ्या घेतल्यावर काहींना ताप, डोकेदुखी, चक्कर येते. का? कारण रक्तातले जंतू मरतात, आणि त्या मेलेल्या जंतूंमुळे अंग तापतं. म्हणजे ज्याला त्रास झाला त्याच्या अंगात बहुधा जंतू होते, त्याला गोळीची गरजच होती! हे आधी समजावून सांगितलं आणि मदतीला धावणारं पथक जवळ ठेवलं, तर लोक घाबरत नाहीत. नाही सांगितलं तर संध्याकाळपर्यंत 'गोळी खाऊन माणसं पडली' ही बातमी चार गावं फिरते आणि पुढच्या वर्षी गोळ्या शेणखतात जातात. त्रासाबद्दल बोलल्याने विश्वास उडतो, अशी भीती पुष्कळ अधिकाऱ्यांना वाटते. इथे अनुभव नेमका उलटा आहे.

दुसरं उदाहरण गडचिरोलीचंच, 'सर्च'चं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 1995 पासून 39 गावांत नवजात बाळांची घरीच काळजी घेण्याचा प्रयोग केला. गावातल्याच बायका, शिक्षण बेताचं. त्यांनी बाळाला जंतुदोष झाल्याचं ओळखून जेंटामायसिनचं इंजेक्शन द्यायचं, असं त्यात होतं. जेंटामायसिन हे कानाला आणि मूत्रपिंडाला इजा करू शकणारं औषध. डॉक्टर मंडळींनी भुवया उंचावल्या यात नवल नाही. 1999 साली निष्कर्ष 'लॅन्सेट'मध्ये आले: तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा 62 टक्क्यांनी कमी झाला. पुढे 2014 मध्ये केंद्र सरकारनेही, बाळाला मोठ्या दवाखान्यात नेणं शक्य नसेल तर एएनएमने हे इंजेक्शन द्यावं, अशा सूचना काढल्या. मला यात इंजेक्शनपेक्षा जास्त मोलाचं वाटतं ते हे की त्या बायका प्रत्येक बाळाची नोंद लिहीत होत्या, आणि ती नोंद नियमाने गावात येऊन तपासणारा डॉक्टर होता. बाईने लिहिलेलं कुणीतरी वाचत होतं. आत्याच्या वहीला हेच मिळालं नाही.

लसीकरणातही हे थोडंफार जमलंय. लस दिल्यावर अर्धा तास बसवून ठेवायचं, काही गंभीर झालं तर लगेच वैद्यकीय अधिकाऱ्याला कळवायचं, तिथून जिल्ह्याला, ठरलेल्या फॉर्मवर, ठरलेल्या मुदतीत. तो रस्ता आखलेला आहे आणि प्रत्येक एएनएमला तो प्रशिक्षणात शिकवतात. गोळ्यांच्या बाबतीत रस्ता कागदावर आहे, पण पायवाट पडलेली नाही.

बरं, आज परिस्थिती काय? प्रायमाक्वीनचा जुना 5 दिवसांचा कोर्स ताप उलटणं थांबवत नाही, 14 दिवसांचा थांबवतो, हे मुंबईच्या केईएमच्या डॉक्टरांनी 1999 मध्ये दाखवलं. 2013 च्या राष्ट्रीय औषध धोरणात व्हायव्हॅक्सला 14 दिवसांचाच कोर्स आहे. गरोदर बायका, वर्षाच्या आतली मुलं आणि जी-सिक्स-पीडी कमी असलेले लोक यांना द्यायचं नाही, आणि लघवी गडद झाली किंवा ओठ निळे पडले तर गोळी थांबवून परत यायला रुग्णाला सांगायचं, हेही आहे. म्हणजे पहारा रुग्णाच्या आणि आशाच्या डोळ्यांवर सोपवलेला आहे. 14 दिवस रोज कुणी पाड्यावर जाऊ शकत नाही, त्यामुळे पहिल्या दिवशी काय सांगितलं आणि ते कोणत्या भाषेत सांगितलं, यावर सगळं अवलंबून. 2014 मध्ये सामान्य लोकांसाठी वेगळा फॉर्म निघाला, तो मराठीतही आहे. चांगलं झालं. पण माडिया बोलणाऱ्या आजीला मराठी फॉर्मही तितकाच परका.

आणि एक गोष्ट मला सतत खुपते. आशाला मोबदला कामावर मिळतो. हिवतापाच्या रुग्णाचा उपचार पूर्ण करून घेतला की पैसे. वेळीच थांबवला, रुग्ण वाचवला, तर? कोर्स अपूर्ण! शिवाय कळवलं की पहिला प्रश्न येतो, "तुम्ही डोस बरोबर दिला होता ना?" कारणे दाखवा नोटिशीची भीती प्रत्येकाच्या मनात असते. गाझियाबादच्या फॉर्मवर स्पष्ट छापलंय की कळवणं म्हणजे चूक कबूल करणं नव्हे, आणि माहिती गुप्त राहील. पण हे वाक्य तालुक्याच्या मासिक बैठकीत कुणी मोठ्याने वाचून दाखवलं तर त्याचा उपयोग.

वर कळवून खरंच काही होतं का, असं कुणी विचारेल. होतं. 2023 च्या नोव्हेंबरमध्ये याच कार्यक्रमाने मेफेनॅमिक अॅसिडबद्दल इशारा दिला, म्हणजे पोटात दुखलं की घरोघरी घेतात त्या गोळीबद्दल. तिच्यामुळे क्वचित ताप, पुरळ आणि आतल्या अवयवांना इजा असा गंभीर त्रास होऊ शकतो, यावर लक्ष ठेवा, असं सांगितलं. हे लक्षात आलं ते जमा झालेल्या नोंदींवरून. प्रत्येक नोंदीमागे कुणीतरी एक माणूस, ज्याने 'कशाला भानगड' न म्हणता कागद भरला.

2023 च्या जुलैत सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू झालं, 2047 चं उद्दिष्ट ठेवून. लाखो लोकांचं रक्त तपासलं जातंय, कार्डं दिली जाताहेत. मला राहून राहून वाटतं, त्या कार्डावर एक ओळ 'न मानवणारी औषधं' अशी असावी. म्हणजे आत्याची 'ह्या घरात प्रि. नको' ही ओळ त्या घराच्या हातात राहील. नर्सबाईची बदली झाली तरी कार्ड घरातच राहतं.

असो. लेख फार लांबला. दोन कामं सांगून थांबतो. एक, नंबर लिहून ठेवा: 1800-180-3024. फुकट आहे, आणि डॉक्टर असायची गरज नाही. औषध बाधलं असं वाटलं तर कळवा, खात्री नसली तरी चालतं, 'संशयित' हा शब्द त्यासाठीच आहे. आणि दोन, हे घरच्यांसाठी. आत्याच्या माझ्याकडच्या वह्या 1988 ला संपतात. पुढच्या वह्या ती ट्रंकेत ठेवायची, आणि घराची वाटणी झाली तेव्हा ट्रंक कुणाकडे तरी गेली. ज्याच्या माळ्यावर असेल त्याने रद्दीवाल्याला देण्याआधी मला फोन करावा. मी स्वतः येऊन घेऊन जाईन.